केबिनच्या बाहेरच्या लाकडी पट्ट्या: आधी काय, नंतर काय?

प्रश्न: भिंतीवर फळ्या ठोकायच्या आधी खिडकीच्या आणि कोपऱ्यांच्या पट्ट्या लावायच्या आहेत. पट्ट्यांचं लाकूड १९ मिमी जाडीचं आहे. खिडकीवरच्या पट्टीत पाणी शिरू नये म्हणून सीलंट (फटी बुजवायची लवचीक पेस्ट) पुरेल का?

उत्तर १: नाही, सीलंटच्या भरवशावर राहू नका; काही वर्षांत ते चिरतं. वरच्या पट्टीच्या डोक्यावर Z आकारात वाकवलेला पत्रा बसवा. त्याची उभी कड भिंतीवरच्या जलरोधक कापडाच्या आत सरकवायची, बाहेरून चिकटवायची नाही. पुढची कड पट्टीच्या पुढे येऊन खाली वळलेली हवी. फळी पत्र्याच्या ६ ते १० मिमी वर थांबवा आणि ती फट उघडीच ठेवा. ती बुजवली की आत आलेलं पाणी अडकतं आणि पट्टी वरूनच कुजायला लागते.

उत्तर २: कोपऱ्यात दोन पट्ट्या सारख्या रुंदीच्या घेऊ नका. एक ९० मिमी, दुसरी ७१. ७१ मध्ये रुंद पट्टीच्या जाडीचे १९ मिमी मिळवले की दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आधी अरुंद पट्टी कोपऱ्याच्या कडेशी जुळवून ठोका, मग रुंद पट्टीने तिची कड झाका. फळ्यांची टोकं पट्टीला भिडणार असतील तर पट्टी फळीपेक्षा जाड हवी.

उत्तर ३: प्रायमर सगळ्या बाजूंना लावा, मागूनही. कापलेल्या टोकांना तर दोन हात, कारण पाणी सर्वात जास्त तिथूनच शोषलं जातं. खिळे स्टेनलेसचे किंवा गरम जस्तात बुडवलेले. साध्या खिळ्यांचे गंजाचे ओघळ रंगातून उमटतात.