प्रकाशित आवृत्ती मागे घेऊन त्याच क्रमांकाने पुन्हा देता येते का?

प्रश्न:
नमस्कार. संख्या मराठीत अक्षरी लिहून देणारी एक लहानशी पायथन लायब्ररी मी सांभाळतो. शनिवारी १.४.० ही आवृत्ती पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर) चढवली आणि तासाभरातच एका वापरकर्त्याने कळवले, की इन्स्टॉल व्यवस्थित होते, पण इम्पोर्ट करताच फाइल सापडत नसल्याची एरर येते. तपासले तर शब्दसूचीची जेसॉन फाइल व्हीलमध्ये (इन्स्टॉलसाठी बांधलेल्या पॅकेज फाइलमध्ये) गेलीच नव्हती. माझ्याकडे लायब्ररी एडिटेबल पद्धतीने बसवलेली असल्यामुळे ती फाइल थेट सोर्स फोल्डरमधून वाचली जात होती आणि सर्व चाचण्या पास होत होत्या. मी चूक सुधारली, जुना टॅग (आवृत्तीची खूण) काढून त्याच नावाचा टॅग नव्या कमिटवर (कोडच्या नोंदलेल्या बदलावर) लावला आणि पायपीआयवरची फाइल डिलीट केली; आता मात्र हे फाइलनाव पूर्वी वापरले गेले आहे, असे सांगून नवी फाइल नाकारली जाते. काही मार्ग आहे का?

उत्तर १:
मार्ग नाही, आणि तो नसणेच योग्य आहे. त्या तासाभरात ज्यांनी १.४.० उतरवून घेतली, त्यांच्यापैकी कोणाच्या लॉक फाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत) तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदला गेला असेल, तर त्याच नावाची वेगळी फाइल समोर आल्यावर कोणीतरी ढवळाढवळ केली असाच अर्थ त्यांना लावावा लागेल. टॅगचेही तसेच आहे. कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटमध्ये २.२० पासून फेच करताना (नवे बदल ओढून घेताना) आपल्याकडे असलेला टॅग आपोआप बदलला जात नाही. त्यामुळे रिपॉझिटरीच्या जुन्या क्लोनमध्ये (प्रतीत) एक १.४.० आणि नव्या क्लोनमध्ये दुसरीच, अशी स्थिती तुमच्या प्रकल्पात आज आहे. टॅग आता पुन्हा हलवू नका. १.४.१ द्या आणि मूळ फाइल कोणत्या कमिटवरून बांधली होती ते बदलनोंदीत स्पष्ट लिहा. यापुढे अशी वेळ आली तर डिलीट न करता यँक करा, म्हणजे ‘वापरू नये’ अशी खूण करा: फाइल जागेवर राहते, नेमका तोच क्रमांक मागणाऱ्याला मिळते, आणि इतरांसाठी पिप (पॅकेज बसवणारे साधन) ती आवृत्ती निवडत नाही.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र खरी त्रुटी चाचणीच्या क्रमात आहे, असे मला वाटते. आधी व्हील बांधावे, ते कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवावे आणि सोर्स फोल्डरच्या बाहेरून चाचण्या चालवाव्यात, म्हणजे वापरकर्त्याला जे मिळणार आहे तेच तपासले जाते. शिवाय प्रकाशनापूर्वी थोडा अवधी ठेवावा: लिनक्स कर्नलमध्ये दोन आठवडे नवे बदल घेतल्यानंतर साधारण सात आठवडे केवळ दुरुस्त्यांसाठी राखलेले असतात आणि दर आठवड्याला एक आरसी (अंतिम प्रकाशनापूर्वीची चाचणी आवृत्ती) निघते. तुमच्यासारख्या लहान प्रकल्पाला एक आरसी आणि एक आठवडा पुरेल; अशी पूर्वआवृत्ती स्पष्टपणे मागितल्याशिवाय पिप सहसा बसवत नाही, म्हणून इतरांना तिचा उपद्रव होत नाही.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतो: प्रकाशनाची फाइल लॅपटॉपवर बांधू नका, टॅगवरून सीआयमध्ये (आपोआप बांधणी व चाचणी करणाऱ्या सर्व्हरवर) बांधा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतील छुपा दरवाजा उघडकीस आला, तेव्हा तो सक्रिय करणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्रित फाइलमध्ये) होती, गिटमध्ये नव्हती. रिपॉझिटरी वाचणाऱ्याला ती दिसणे शक्यच नव्हते.

उत्तर ३:
वापरकर्ता म्हणून विनंती आहे, की बदलनोंदीत ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढेच लिहू नये. ‘१.४.० च्या व्हीलमध्ये शब्दसूची नव्हती, त्यामुळे इम्पोर्ट होत नव्हते’ असे लिहिल्यास माझ्यासारख्याला आपली अडचण हीच आहे का, ते लगेच कळेल.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. १.४.१ सीआयमधून बांधून घेतली, व्हील झिपप्रमाणे उघडून त्यात शब्दसूची असल्याची खात्री केली, आणि मगच चढवली. बदलनोंदीत वरचेच वाक्य घेतले असून दोन्ही कमिटचे हॅश दिले आहेत. ज्यांनी अडचण कळवली होती, त्यांच्याकडे आता इम्पोर्ट होत आहे.