घरच्या कॉम्प्युटरचे पासवर्डचे नियम बदलता येतात का?

विश्रामबाग_सांगली:
आमचे आप्पा 74 वर्षांचे. सगळी हयात मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर गेली. आता घरी बसून भाऊबंदांचे हिशेब लिहितात. त्यांच्यासाठी एका ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घेतला, विंडोज 11 प्रो. तो दर 42 दिवसांनी नवा पासवर्ड मागतो. बारा अक्षरं, त्यात कॅपिटल, आकडा, चिन्ह. आधीचा टाकला तर घेत नाही. परवा कालनिर्णयचं पान उलटलं तर मागे निळ्या पेनानं सात पासवर्ड, सहा खोडलेले, शेवटच्याखाली दोन रेघा. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसेल असं. शेकडो शेतकऱ्यांच्या पट्ट्या तोंडपाठ असलेला माणूस "आता मला काय जमत नाही" म्हणाला. फार लागलं मनाला.

मिरजकर:
ताई, येतात की. ॲडमिनच्या खात्यातून विंडोज आणि आर दाबा, सेकपोल डॉट एमएससी इंग्रजीत टाईप करा. अकाउंट पॉलिसीजमध्ये पासवर्ड पॉलिसी. तिथं 'मॅक्झिमम पासवर्ड एज' 0 केलं की मुदत संपायची भानगडच राहत नाही. 'कॉम्प्लेक्सिटी', म्हणजे कॅपिटल-आकडा-चिन्हाची सक्ती, डिसेबल करा. जुना न घेणारा नियम म्हणजे 'पासवर्ड हिस्टरी'. होम आवृत्तीत ही खिडकी नसते, तिथं कमांड प्रॉम्प्टमधून नेट अकाउंट्स वापरतात. आणि हे फक्त लोकल, म्हणजे त्याच कॉम्प्युटरपुरत्या खात्याला लागू, ईमेलनं उघडलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला नाही.

कृष्णाकाठ:
लांबी मात्र कमी करू नका, बाराच ठेवा. मुदत लावली की माणूस शेवटचा आकडा तेवढा बदलतो, नाहीतर भिंतीवर लिहितो. मायक्रोसॉफ्टनंच 2019 मध्ये मुदतीची अट आपल्या शिफारशींतून काढली. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहायला सांगा. म्हणी, देवाची नावं, नातवंडांची नावं नकोत. पण त्याआधी एक काम: मशीन ऑफिसचं होतं ना? विंडोज नव्यानं टाकून घ्या. जुन्या ॲडमिनचं खातं आत असेल तर आप्पांचा पासवर्ड कितीही भक्कम असून काय उपयोग?

विश्रामबाग_सांगली:
दोघांचे मनापासून आभार. रविवारी भाच्याला बोलावून विंडोज नव्यानं टाकलं. मुदत काढली, लांबी बारा ठेवली. आप्पांनी शब्द स्वतः निवडले, एका बोटानं चार वेळा टाईप करून बघितले, चारही वेळा बरोबर. मग कालनिर्णयचं ते पान फाडून बंबात टाकलं. शब्द कुठले, ते मलाही सांगितलं नाही.