मदत हवी आहे: यलो पेअर टोमॅटोचा संकर, दुसऱ्या पिढीत मानेची फळं इतकी कमी का?

रोपवेडा:
आई लाल गोल वाणाची, बाप यलो पेअर (पिवळा, छोटा, देठाकडे मान असलेला). एफ१ (पहिली संकरित पिढी) ची सगळी फळं लाल आणि गोल. एफ१ चं स्वपरागित बी पेरून एफ२ (दुसरी पिढी) ची ४० झाडं वाढवली: २९ गोल, ८ अंडाकृती, आणि खरी मानेची फक्त ३ (त्यातली २ लाल). पेअर आकार सुप्त (जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसणारा) असेल तर पाव हिस्सा, म्हणजे १० झाडं यायला हवी होती. ही अंडाकृती फळं कुठून आली? आईबापांत तर ती नाहीत. संकर करताना चूक झाली का? लाल मानेचा पक्का वाण हवा आहे.

जनुकवेल:
संकर बरोबर झालाय. आईच्या फुलात स्वतःचेच परागकण पडले असते तर एफ२ मध्ये मानेचं एकही फळ आलं नसतं.

यलो पेअरमध्ये दुसऱ्या गुणसूत्रावरचं ओव्हेट हे जनुक बिघडलेलं असतं. २००२ मध्ये ते शोधलं गेलं. त्याच्या डीएनएत जीएए या तीन अक्षरांच्या जागी टीएए आलंय, म्हणजे प्रथिन अर्ध्यावरच थांबवणारी खूण. हे प्रथिन फळाला लांब होऊ देत नाही. एक चांगली प्रत असली तरी बहुतेक वेळा पुरते, म्हणून एफ१ गोल.

पण ओव्हेट एकटं मान देत नाही, आणि तुमच्या आकड्यांची गोम तिथेच आहे. दहाव्या गुणसूत्रावर सोव्ह-१ नावाची दुसरी जागा आहे. तिथल्या ओएफपी-२० या जनुकाच्या अलीकडचा सुमारे ३१ हजार अक्षरांचा तुकडा यलो पेअरमध्ये गळालाय, त्यामुळे ते जनुक मंद चालतं. तुमच्या गोल वाणात हा तुकडा शाबूत असणार. ओव्हेटच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, पण ओएफपी-२० नीट चालणारं, अशा झाडाला अंडाकृती फळं येतात. दोन्ही जागी दोन्ही प्रती बिघडल्या की मान येते.

आता हिशोब करा. ओव्हेट दोन्ही प्रतींत बिघडलेली झाडं ४० मध्ये १०, आणि तुमची ८ + ३ = ११. त्यातली मानेची एक चतुर्थांश, म्हणजे एकूण झाडांच्या १/१६, अपेक्षित २.५ आणि मिळाली ३. ३० : ७.५ : २.५ शी ताडून काय-वर्ग (मिळालेले आणि अपेक्षित आकडे किती वेगळे आहेत ते सांगणारी संख्या) सुमारे ०.१७ येतो, मर्यादा ५.९९, म्हणजे आकडे जुळतात. मात्र एका गटाची अपेक्षा ५ हून कमी असल्यामुळे ही चाचणी इथे दुबळी आहे. एफ३ पाहिल्याशिवाय शिक्का मारू नका.

कात्री_भिंग:
'अंडाकृती' आणि 'मानेची' हे नजरेने ठरवलं असेल तर आधी मोजून घ्या. पहिल्या घोसाची फळं धरू नका, थंडीत ती बरेचदा वेडीवाकडी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली पूर्ण पिकलेली ८ फळं प्रत्येक झाडाची घ्या. देठ ते टोक बरोबर मधून उभी चिरून पालथी करून स्कॅनरवर ठेवा, ३०० डीपीआय पुरतं. टोमॅटो ॲनालायझर हे सॉफ्टवेअर लांबी-रुंदीचं गुणोत्तर आणि देठाकडचा निमुळतेपणा वेगळा देतं. मानेसाठी नुसतं गुणोत्तर उपयोगाचं नाही. लांब अंड्याचं आणि आखूड पेअरचं गुणोत्तर एकच येऊ शकतं.

फळापर्यंत थांबायचीही गरज नाही. ओव्हेटचा परिणाम फूल उमलण्याआधीच झालेला असतो. उमललेल्या दिवशीचं फूल घ्या, पाकळ्या आणि परागकोशांचा पिवळा शंकू चिमट्याने उतरवा आणि १० पटीच्या भिंगाखाली हिरवा अंडाशय पाहा. पेअरच्या अंडाशयाची देठाकडची बाजू तेव्हाच खेचल्यासारखी निमुळती दिसते, गोल वाणात तो मण्यासारखा बसका असतो. उसाच्या किंवा ज्वारीच्या शेतावरून २,४-डी हे तणनाशक उडून आलं असेल तर गोल वाणाची फळंही टोकदार होतात. अशा ओळीतली नोंद धरू नका.

रोपवेडा:
हे फार उपयोगी आहे. दोन शंका. वाण पक्का करायला पुढे किती झाडं लावू? आणि माझ्याकडे एक लांबट, बोटासारखा वाण आहे, त्यातही ओव्हेटच असेल का?

जनुकवेल:
रंगाचा हिशोब आधी. पिवळा गर सुप्त आहे, त्याचं जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर. म्हणून एफ२ मध्ये लाल आणि मानेचं झाड ६४ मध्ये ३. एक तरी मिळण्याची ९५% खात्री हवी असेल तर ६३ झाडं लागतात. तुम्हाला ४० मध्ये २ मिळाली आहेत, ती जपा. मान त्यांच्यात पक्की आहे, रंग अजून नाही, कारण लाल झाडांपैकी सुमारे दोन तृतीयांश झाडं पिवळ्याची प्रत लपवून असतात. प्रत्येकाचं बी वेगळं धरा, एफ३ ची १२-१२ झाडं लावा. एकही पिवळं आलं तर ती ओळ पक्की नाही. १२ च्या १२ लाल आली तर शंका साधारण ३% उरते.

अंडाकृती ८ झाडांचंही बी टाकू नका. त्यातली साधारण ५ एफ३ मध्ये पाव हिस्सा मानेची फळं देतील, ३ अजिबात देणार नाहीत. असं झालं की सोव्ह-१ च्या अंदाजाला बळ मिळेल.

लांबट वाणाचा विषय वेगळा, तिथे बहुधा सन जनुक असेल. ते २००८ मध्ये ओळखलं गेलं. रायडर नावाच्या उड्या मारणाऱ्या घटकाने दहाव्या गुणसूत्रावरचा २४.७ हजार अक्षरांचा तुकडा उचलून त्याची प्रत सातव्यावर नेऊन बसवली. नव्या जागी ते जनुक शेजारच्या जनुकाच्या हुकमाखाली जोरात चालतं, लांबीच्या दिशेने पेशींची संख्या जास्त वाढते आणि आडवी कमी. इथे जनुक बिघडलेलं नसतं, जादा चालतं, म्हणून एक प्रतही आकार बदलते आणि एफ१ मधला-मधला येतो. भिंगाची युक्ती इथे लागू पडत नाही, कारण लांबी मुख्यतः परागीभवनानंतर वाढते. हा वाण तुमच्या पेअरमध्ये मिसळू नका. गुण एकमेकांवर चढले की कोणतं जनुक काय करतंय हे नुसत्या फळावरून सांगता येणार नाही.

कात्री_भिंग:
एक फळ आडवं चिरून आतले बियांचे कप्पेही मोजा. २ असतील तर ठीक. ३-४ असतील तर दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एलसी या कप्पे वाढवणाऱ्या जनुकाचा संशय घ्या, ८ किंवा जास्त असतील तर अकराव्यावरच्या तशाच फॅस जनुकाचा. कप्पे वाढले की फळ रुंदावतं आणि मान भरून जाते. तुमच्या गोल आईत असं काही असेल तर पेअर दबलेले दिसतील.

रोपातच तपासायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कोवळा तुकडा पुरतो. त्याचा डीएनए काढून ओव्हेटचा दुसरा एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेला तुकडा) पीसीआरने, म्हणजे प्रयोगशाळेत त्याच्या भरपूर प्रती करून, वाढवा आणि त्याच्या अक्षरांचा अनुक्रम वाचून घ्या. त्या जागी नुसता टी दिसला तर दोन्ही प्रती बिघडलेल्या, जी-टी ची जोडशिखरं (आलेखात एकाच जागी दोन्ही अक्षरांची शिखरं) दिसली तर एकच. आई, बाप आणि एफ१ असे तिन्ही नमुने सोबत हवेतच. एफ१ मध्ये जोडशिखर आलं नाही तर तो सगळा संच रद्द करून पुन्हा करा.

आणि बी धरायच्या घोसावर कळी उमलण्याआधीच मलमलची पिशवी बांधा, फळ धरल्यावर काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा.