सासऱ्यांचा झटका, सुटलेली नोकरी आणि "यातून तू घडशील" ऐकून आलेला वैताग

घाटाखालची:

नमस्कार मंडळी, इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सकाळी परसात पडलेले सापडले, कधी पडले ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे ते साडेचार तासांच्या आत द्यायचं इंजेक्शन असतं ते द्यायचा प्रश्नच आला नाही. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा बोटीवर, सहा महिने पाण्यात असतो, नणंद दुबईला. मग उरलं कोण?

मी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये होते, ११ वर्षं, नुकतीच लीड झालेली. कंपनीने तीन महिने घरून काम करू दिलं मग म्हणाले आता या. बाबांना पुण्याला न्यायचं ठरवलं होतं, गाडीही आली, तर त्यांनी डाव्या हाताने गाडीचं दार असं धरून ठेवलं ना की ड्रायव्हर पण म्हणाला वहिनी राहू द्या. राहू दिलं. राजीनामा दिला, मुलाचं तिसरीतलं नाव काढलं आणि इकडे देवरुखला शाळेत घातलं. वर्ष झालं.

तर आता मुद्दा. येणारा जाणारा प्रत्येक जण मला सांगतो की देव परीक्षा बघतो, सोनं तापल्याशिवाय उजळत नाही, यातून तू घडशील बघ. पुण्याची मैत्रीण तर म्हणाली ही तुझी पर्सनल ग्रोथ जर्नी आहे. मी तेव्हा बेडपॅन धूत होते आणि फोन स्पीकरवर होता. मला इतका राग आला की मी रेंज नाही म्हणून फोन कट केला.

मला खरंच विचारायचंय, टोमणा नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असं नको असलेलं काहीतरी येऊन पडलंय का आणि पुढे कधीतरी तुम्हाला वाटलंय का की हां, हे झालं नसतं तर मला अमुक एक आलं नसतं? असेल तर नक्की काय? नसेल तर तसंही सांगा, मला बरंच वाटेल.

जाता जाता, बाबांना पाणी पण म्हणता येत नाही पण चिडले की एक अस्सल शिवी खणखणीत देतात, अगदी स्पष्ट. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. हे मुद्दाम करतात का?


द्राक्षवाली_निफाड:

ताई, राग येणारच. मला पण यायचा, माझ्या तर दहाव्यालाच एक जण म्हटले की आता तुला वाघीण व्हायचंय. म्हटलं आधी रडू तर द्या.

मालक हार्टॲटॅकने गेले त्याला आता सहा वर्षं झाली. वय ३९. चार एकर बाग, दोन पोरं, सासूबाई, आणि सोसायटीचं कर्ज. मला बागेतलं काय येत होतं तर मजुरांचा चहा. बस. पहिलं तर वारस नोंदीवरूनच सुरू झालं. दीर म्हटले सध्या नुसतं आईच्या नावावर लावू, पोरं लहान आहेत, नंतर बघू. माणूस वाईट नाही, पण मी म्हटलं मला कागद वाचू द्या. मी दहावी पास, मला काय तो सहा क चा, म्हणजे वारसांच्या नोंदीचा, उतारा लगेच कळला असं नाही, दोनदा तलाठी ऑफिसला गेले, तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं की आई, बायको आणि पोरं सगळीच वारस लागतात. लावली चार नावं. सातबाऱ्यावर माझं नाव मी पहिल्यांदा तेव्हा बघितलं, लग्नाला १७ वर्षं झाल्यावर.

आणि पहिल्याच वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला, डावणी आली, म्हणजे पानाघडांवरची बुरशी, घड तयार व्हायच्या आत सडले. त्यावर फवारायच्या मोरचूद आणि चुन्याचं प्रमाण पण मला शेजारच्या बागवाल्यांना विचारून विचारून करायला लागायचं, बाईमाणूस विचारतेय म्हणून कोणी नीट सांगायचं तर कोणी हसायचं. त्या वर्षी मजुरी पण निघाली नाही. दुसऱ्या वर्षापासून वही केली, कोणत्या दिवशी काय मारलं, किती पाणी, पानाखाली काय दिसलं. आता फवारणीचा ब्लोअर मीच चालवते. व्यापारी आला की भाव मी बोलते, दीर बाजूला उभे राहतात.

पण तुम्ही खरं विचारलंय म्हणून खरं सांगते, हे मी घरात पण बोलले नाही. मागच्या वर्षी माल चांगला गेला त्या दिवशी रात्री मनात आलं, आता समजा हे परत आले, तर मी बाग त्यांच्या हातात देईन का? आणि उत्तर चटकन हो आलं नाही ताई. रात्रभर झोपले नाही. मला माणूस पण पाहिजे आणि बाग पण पाहिजे, आणि दोन्ही एकदम मिळालं नसतं हे पण मला माहितीये. याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.


तिरकस_नजर:

ग्रोथ हा शब्द अप्रेझलच्या फॉर्मवर ठीक आहे, बेडपॅनजवळ आणू नये.

बाकी एक विचारतो, रागावू नका. तुम्हीच का घडायचं? नणंदबाईंना नको का घडायला? त्यांनी दर वर्षी एक महिना येऊन घडावं. नवऱ्याने दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीत पूर्ण वेळ घडावं, सत्यनारायण आणि लग्नं अटेंड करत नव्हे. घरातल्या बाईला घडवण्यासाठी आख्खं खानदान टपलेलं असतं आणि बाकीचे व्हिडिओ कॉलवर डोळे पुसतात.

आणि दिवसा चार तास माणूस ठेवा मदतीला. बोटीवरच्या पगारात बसतं. तेवढ्यात फ्रीलान्स टेस्टिंग करा, ११ वर्षांचा अनुभव असा परसात टाकून देऊ नका.


मिताली_के:

तुम्ही म्हणालात नसेल तसंही सांगा म्हणून लिहितेय. आईला डिमेन्शिया होता, साडेपाच वर्षं मी एकटीने केलं. मला काही मिळालं नाही. कंबर गेली, ठरलेलं लग्न गेलं, आणि धीर वाढला म्हणतात तर तोही नाही, उलट आता रांगेत दोन मिनिटं थांबावं लागलं तरी मी चिडते. आई गेली तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचंच वाईट वाटत राहिलं. केलं कारण आई होती. एवढंच.


पेन्शनर_अण्णा:

सूनबाई (वयाच्या अधिकाराने म्हणतो, माझं ७६ चालू आहे),

आधी शिवीचं. मुद्दाम नाही हो करत ते. हिला झटका आला तेव्हा आमच्याकडेही हाच प्रकार, मीही ओशाळलो होतो. वाचा गेली की ठरवून शब्द शोधून बोलायचं जे काम असतं ते अडतं. शिव्या, आकडे मोजणं, आरत्या, पाठांतर हे तोंडात बसलेलं असतं, ते पुष्कळांचं शाबूत राहतं. आमची ही 'चहा' म्हणू शकत नव्हती आणि 'सुखकर्ता दुखहर्ता' सलग म्हणायची, सुरात. माणूस आत पूर्ण असतो, हे मला तेव्हा कळलं, तोवर मी तिच्याशी मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होतो. ती बहिरी नव्हती! तुमच्या सासऱ्यांना पाढे म्हणायला लावून बघा. जुन्या माणसांचे पाढे पक्के असतात. स्पीच थेरपी आता व्हिडिओ कॉलवरही होते, गावात कुणी नाही म्हणून सोडू नका. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त दिसते हे खरं पण वर्षानंतर दार बंद होतं असं नाही.

अजून दोन गोष्टी, कारण मी या दोन्ही चुकलो. उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आणि भरवताना पूर्ण बसवूनच, आडवं असताना पाण्याचा घोटही नाही, ठसका लागून छातीत जातं.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी वीज मंडळात ३४ वर्षं काढली, घरात साखरेचा डबा कुठला ते मला माहीत नव्हतं, हे मी अभिमानाने सांगायचो. हिला झटका आल्यावर कुकर लावण्यापासून सुरुवात. पहिल्या दिवशी शिटीच लावायला विसरलो. पण सगळ्यात अवघड होतं ते हिची वेणी. बाई येणार नाही त्या दिवशी मीच. ४१ वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं की हिच्या मानेवर केसांखाली जळल्याचा डाग आहे. लहानपणचा असणार. आता विचारावं तर सांगता येत नाही. माझी वेणी आरशात बघून ती हसायची. वेणीला हसायची की झटक्यानंतर उगाच हसू-रडू येतं त्यातलं ते, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

ती जाऊन दोन वर्षं झाली. स्वयंपाक अजून मीच करतो, मुलगा म्हणतो डबा लावा, नाही लावत. मी सुधारलो का? उशिरा सुधारलो, आणि त्यासाठी तिला पडावं लागलं, हा हिशोब काही मला बरोबर वाटत नाही.


घाटाखालची:

सगळ्यांना धन्यवाद. मिताली, तुझी पोस्ट सगळ्यात जास्त वेळा वाचली. द्राक्षवाली ताई, तुमच्या त्या रात्रीच्या प्रश्नाला मी काही म्हणणार नाही, पण मला तो समजला. कारण मलाही एक कबूल करायचंय, पुण्यात मुलगा साडेसातला झोपाळलेल्या डोळ्यांनी भेटायचा, इथे तो दिवसभर माझ्या पायात असतो आणि मला ते आवडतंय, आणि ते आवडतंय म्हटलं की लगेच चोरी केल्यासारखं वाटतं.

तिरकस, तुमची पोस्ट जशीच्या तशी नवऱ्याला पाठवली. दोन दिवस निळी टिक नुसती. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः बहिणीला फोन केला, ती जानेवारीत महिनाभर येतेय. बघू. माणूस शोधतेय, एक मावशी दुपारी यायला तयार आहेत.

आणि अण्णाकाका!! पाढे!! काल मुलाला गृहपाठाला बाबांच्या खाटेजवळ बसवलं. तो आपला टू वन्स आर टू. मी म्हटलं आजोबांना मराठीत म्हणून दाखव, मी सांगते तसं. बे एके बे, बे दुणे चार, तिथे तो अडला आणि बाबांनी पुढचं म्हटलं. बे त्रिक सहा. मग थांबलेच नाहीत, बे दाहे वीस करून तीनवर गेले, तोंड वाकडंच पण शब्द स्वच्छ. मुलगा म्हणतो आई आजोबांना येतंय सगळं, ते तुलाच सांगत नव्हते! आज सकाळी तर पावकीसारखं, तो जुना पाव पटीचा पाढा, काहीतरी पुटपुटत होते, मला ती येतच नाही त्यामुळे बरोबर की चूक देव जाणे. मी पाणी आणलं आणि म्हटलं बाबा, पाणी म्हणा. तर काही नाही. आणि मग शिवी.

काका, पाढ्यावरून पाण्यावर कसं आणायचं?


पेन्शनर_अण्णा:

'म्हणा' म्हणायचं नाही. म्हणा म्हटलं की ते शब्द शोधायला जातात आणि अडतात. वाक्य अर्धं सोडायचं. 'विहिरीचं गार...' एवढंच म्हणून ग्लास समोर धरायचा आणि गप्प बसायचं. मनात वीसपर्यंत मोजायचं. आपल्याच्यानेच राहवत नाही, आपण सातआठला शब्द सांगून मोकळे होतो. मुलाला सांगा, तो जास्त वेळ थांबेल.