सायकोथेरपीला 'मानसोपचार' म्हणावं का?

गोदाकाठ: परभणीतल्या एका दवाखान्यासाठी माहितीपत्रक मराठीत करायलेय. मी लिहिलं, 'डॉक्टर औषध, मानसोपचार किंवा दोन्ही सुचवतील.' आमच्या मावशींना वाचायला दिलं. झोप येत नाही म्हणून त्या सहा महिन्यांपासून गोळ्या घेतात. म्हणाल्या, "अगं, मानसोपचारवाल्या डॉक्टरनंच तर गोळ्या दिल्यात. मग औषध वेगळं अन् मानसोपचार वेगळा कसा?" बरोबर आहे त्यांचं. समोर बसून, बोलत-बोलत करायच्या उपचाराला मग काय म्हणायचं?

तेरणाकाठी: समुपदेशन. शाळेत, कोर्टात सगळीकडं रूढ आहे. नवा शब्द कशाला?

गोदाकाठ: तेही विचारलं. "उपदेश घरात रोज ऐकते, त्यासाठी दवाखान्यात कशाला जाऊ?"

बालाघाट: मी हेच काम करते, लातूरला. मावशींचं म्हणणं मला पटतं, कारण आम्ही उपदेश करतच नाही. माझ्याकडं एकजण यायचे, एसटीत बसलं की जीव घाबरा व्हायचा. पहिल्या आठवड्यात नुसतं स्टँडवर जाऊन परत यायचं. मग उभ्या गाडीत पाच मिनिटं बसायचं. मग पुढच्या थांब्यापर्यंत. दर वेळी मनात काय आलं ते वहीत लिहायचं, अन् ते खरं ठरलं का, हे पुढच्या भेटीत आम्ही दोघं मिळून तपासायचो. यात उपदेश कुठं आला?

शब्दवेडा_अंबाजोगाई: 'मनोपचार' मात्र कुणी सुचवू नका, संधी चुकतो. मानस + उपचार, मानसोपचार हेच शुद्ध. शिवाय शब्द सुंदर आहे. षोडशोपचार पूजेत उपचार म्हणजे सेवा. ग्रीक 'थेरापिया'चाही मूळ अर्थ सेवा-शुश्रूषाच. इतका जुळणारा शब्द टाकून द्यायचा?

तेरणाकाठी: मनोचिकित्सा?

शब्दवेडा_अंबाजोगाई: ते हिंदीचं वळण. मराठीत 'फार चिकित्सा करू नको' म्हणतात, पेशंट बिचकेल.

जुना_नांदेडकर: आमच्याकडं उपचार कुणी म्हणत नाही, 'इलाज' म्हणतात. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, दफ्तर उर्दूत. आजी म्हणायची, 'ह्याच्यावर काही इलाज हाय का?' सरळ 'बोलून इलाज' लिहा.

शब्दवेडा_अंबाजोगाई: छापील मजकुरात अरबी शब्द? उद्या सगळीच मराठी अशी होईल.

जुना_नांदेडकर: मग दवाखान्याची पाटी आधी उतरवा. तो शब्दही बाहेरचाच.

बालाघाट: 'बोलून इलाज' मला आवडलं, अन् त्याला इतिहासही आहे. व्हिएन्नात १८८० ते १८८२ मध्ये डॉ. ब्रॉयर यांच्याकडं बर्था पापेनहाइम ही तरुणी उपचार घेत होती. 'बोलण्याचा इलाज' या अर्थाचं नाव तिनं दिलं, डॉक्टरांनी नाही. तरी एक अडचण उरते. नुसतं मन मोकळं करणं म्हणजे थेरपी नव्हे. एसटीत बसावं तर लागतंच.

तेरणाकाठी: मन मोकळं करायला आमच्या आयांना जातं होतं. गंगाखेडच्या जनाबाईंपासून ओव्याच चालत आल्यात.

बालाघाट: जातं ऐकून घेतं, ताई. 'मग तुम्ही काय केलंत?' असं उलटून विचारत नाही.

गोदाकाठ: सोमवारी छापायला द्यायचंय. सध्या 'औषध, बोलून करायचा उपचार किंवा दोन्ही' लिहिलंय. मावशींना कळलं. आता त्या विचारतायत, लक्षणांत 'जीव घुसमटायलाय' का नाही लिहिलं.

शब्दवेडा_अंबाजोगाई: 'घुसमटतो' लिहा. छापील मराठीत '-लाय' कसं चालेल?

जुना_नांदेडकर: का नाही चालणार? वाचणारी परभणीची आहे.