मदत हवी आहे: कॅन्सर प्रिव्हेन्शन रिसर्चमध्ये करिअर कसं करायचं?

नमस्कार मंडळी, माझी धाकटी बहीण एमएससी बायोटेक झालीये, सध्या पुण्यातच एका लॅबमध्ये आहे, पण तिला आता कॅन्सर होऊच नये यावर रिसर्च करायचाय. कारण घरातलंच आहे. आमची आत्या वेल्ह्याकडची, रोज सकाळी चुलीपाशी बसून बोटाने मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावायची, डबी कायम कमरेला, गालात पांढरा चट्टा आला तरी कुणी लक्ष दिलं नाही आणि दाखवलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून ही म्हणते की औषध शोधणारे पुष्कळ आहेत, मिश्री सोडवायची कशी हे कोण शोधतंय?

आणि खरंच आहे ते, नवीन औषधाशिवायही कॅन्सरचे मृत्यू टाळता येतात. उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाच्यावर बायकांवर अभ्यास झाला, एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी) केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले, २००९ ला छापून आलं. अशा कामाला नुसतं पिपेट धरता येऊन भागत नाही, स्टॅटिस्टिक्स हवं, एपिडेमिऑलॉजी (रोग कुणाला, किती आणि कशामुळे होतो याचा अभ्यास) हवी, गावात जाऊन बायकांशी बोलता यायला हवं. अमेरिकेत एनसीआयने (तिथली सरकारी कॅन्सर संस्था) यासाठी वेगळी फेलोशिपच काढली होती, आधी एमपीएच (पब्लिक हेल्थमधली मास्टर्स) करायला द्यायचे मग गाइडच्या हाताखाली रिसर्च.

आपल्याकडे काय करावं? आधी विद्यापीठातून एमपीएच, की खारघरला टाटाच्या कॅन्सर एपिडेमिऑलॉजी सेंटरमध्ये थेट पीएचडीसाठी प्रयत्न? डॉक्टर नसलेल्यांना फिल्डवर कितपत विचारतात? कुणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज सांगा, तिला फोनवर बोलायलाही चालेल, अर्ध्या तासासाठी पुण्यात कुठेही येईल ती.