स्ट्रोकला मराठीत काय म्हणावं : ठोका, खेप की धाव?

माझा भाचा लातूरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकतोय. परवा घरी आला आणि जेवताजेवता विचारलं, "मामा, फोर स्ट्रोक म्हणजे इंजिन चार ठोके मारतं का?" नाही एवढं सांगितलं, पण 'स्ट्रोक' म्हणजे काय ते मराठीत एका शब्दात सांगता येईना. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून इथं विचारतोय.

त्याची चूक कशी झाली ते कळतं. आमच्या औसा भागात इंजन म्हटलं की आधी विहिरीवरचं डिझेल इंजन आठवतं आणि त्याचा ठोका लांबवर ऐकू येतो. 'ठोका धरला', 'ठोका चुकतोय' हे रोजचं बोलणं. पण ठोका म्हणजे स्ट्रोक नव्हे. सिलिंडरच्या नळीत वरखाली सरकणारा पिस्टन खाली येताना हवा आत ओढतो. वर जाताना ती दाबतो. दाबलेल्या हवेत इंधन पेटतं आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळका धूर बाहेर काढतो. दोनदा खाली, दोनदा वर असे चार स्ट्रोक. तेवढ्यात क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, दोन फेरे होतात आणि ठोका पडतो एकच. मिनिटाला ६५० फेरे घेणारं एका सिलिंडरचं इंजन ३२५ ठोके मारतं.

मला पहिल्यांदा 'खेप' सुचला. पण टँकरची खेप म्हणजे भरून येणं आणि रिकामं परत जाणं मिळून एक. त्या हिशोबानं चार स्ट्रोकच्या दोनच खेपा होतात. 'येरझार'चंही तेच. मला फक्त जाण्याला किंवा फक्त येण्याला शब्द हवाय. कुणाकडं आहे का?

प्रतिसाद, अंबाजोगाईहून:
शब्द आहे आणि तो आपल्या शेतातलाच आहे: धाव. विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल ज्या उतारावरून खाली जायचे त्या उताराला धाव म्हणायचे. बैल धावेवरून उतरले की नाडा ताणायचा, मोट वर यायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. मग बैल मागं मागं सरत वर यायचे आणि मोट पुन्हा विहिरीत. मराठी तांत्रिक पुस्तकांतही स्ट्रोकला 'धाव'च म्हटलेलं आहे. पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप आणि स्ट्रोकला धाव. हवा दाबण्याला 'संपीडन' म्हटलेलं वाचून पोरं बिचकतात, पण हे तीन शब्द कुणालाही कळतात. माझे आजोबा मोट हाकायचे, त्यामुळं या शब्दाशी माझी जवळीक आहे हे कबूल करतो.

प्रतिसाद, वाळूजहून:
मी कारखान्यात मशीन शॉपला आहे. इथं स्ट्रोकच म्हणतात आणि म्हणत राहतील. पण अंबाजोगाईच्या दादांचा शब्द वाचून एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडं स्ट्रोकचे दोन अर्थ आहेत. एक पिस्टनची हालचाल, दुसरा त्या हालचालीची लांबी. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोर, आणि पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढा जातो तो स्ट्रोक. या दोन मापांवरून इंजिनाची सीसी, म्हणजे सिलिंडरांतली जागा निघते; एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. १२०० सीसीची चार सिलिंडरची गाडी म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये ३०० मिलिलिटर जागा. बैलांचं धावणं ती पण धाव आणि तो उतार ती पण धाव. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात. 'ठोका'त लांबी बसत नाही, 'खेपे'तही नाही.

प्रतिसाद, जालन्याहून:
शब्द चांगला आहे, पण मोटेची तुलना पूर्ण जुळत नाही. मोटेत दोन धावांतली एक कामाची, एक रिकामी. इंजिनात चारांतली एकच कामाची. उरलेल्या तीन कशाच्या जिवावर होतात ते भाच्याला सांगा, नाहीतर तो पुन्हा अडेल.

धागा सुरू करणारा:
जालन्याचं म्हणणं एकदम बरोबर. त्या तीन धावा जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या जिवावर होतात, आणि हे मी हातानं अनुभवलंय. लहानपणी आमचं इंजन हँडल मारून चालू करायचे. वडील हँडल फिरवायचे आणि माझ्याकडं हेडवरच्या, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावरच्या लहान दांडीचं काम. दांडी उचललेली असली की झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाही, म्हणून हँडल हलकं फिरतं. नुसतं फुस् फुस् ऐकू येतं. चाकानं वेग घेतला की वडील ओरडायचे, "सोड!" मी दांडी खाली पाडली की झडप बसायची आणि चाक एकदम जड व्हायचं, जणू कुणी मागून धरलंय. ती दाबाची धाव. चाकात जमलेला वेग तिला पार करून न्यायचा आणि पहिला ठोका पडायचा. वेग कमी असला तर चाक तिथंच अडायचं आणि वडील पुन्हा पहिल्यापासून हँडल मारायचे. डिझेल इंजनात ठिणगी नसते. दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं.

तेव्हा मी चौघींना नावं ठेवली आहेत: ओढीची धाव, दाबाची धाव, जोराची धाव, धुराची धाव. ठोका फक्त जोराच्या धावेचा. भाच्याला फोनवर सांगितलं तर त्यानं लगेच विचारलं, "मग कारचे ठोके वेगळे का ऐकू येत नाहीत?" चार सिलिंडरच्या जोराच्या धावा पाळीपाळीनं येतात, बहुतेक गाड्यांत १-३-४-२ या क्रमानं. ३००० फेऱ्यांना मिनिटाला ६००० ठोके होतात, सेकंदाला शंभर. एवढे ठोके कानाला सुटे कळत नाहीत, त्यांचा गुणगुणाट होतो.

प्रतिसाद, उदगीरहून:
दादा, आमच्याकडं गाडी आणणारा म्हणतो, "मिस्त्री, गाडी मिसिंग मारू लालीय." म्हणजे एका सिलिंडरची जोराची धाव फुकट जातेय. त्याला आम्ही पोरं शिकवताना 'फुकट धाव' म्हणावं का? जुन्या पेट्रोल गाडीत मी इंजिन चालू ठेवून ठिणगी पाडणाऱ्या एकेका प्लगची टोपी काढतो, म्हणजे त्या सिलिंडरची ठिणगी बंद. ज्या प्लगची काढली की आवाज आणखी बिघडतो ते सिलिंडर चांगलं. ज्याची काढूनही आवाजात काही फरक पडत नाही, फुकट धाव त्याची.

धागा सुरू करणारा:
म्हणावं. भाच्याच्या वहीत आजच लिहून देतो.